पाढे पाठ आहेत, मग भागाकार कुठे अडतो?

वाचकाचं पत्र

माझा मुलगा चौथीत आहे. वीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत, बेरीज-वजाबाकी-गुणाकार व्यवस्थित येतात. भागाकार आला की मात्र वही मिटतो. त्याचे बाबा रोज वीस भागाकार सोडवून घेतात आणि रडारड झाल्याशिवाय ते पुरे होत नाहीत. परवा तो म्हणाला, ‘मला गणितच येत नाही.’ मला स्वतःला शाळेत भागाकाराची धास्ती होती, म्हणून मी लांबच राहते. मध्येच त्यानं विचारलं, ‘शून्याने का भागायचं नाही?’ मी म्हटलं, ‘तसा नियम आहे.’ त्याच्या वहीचं एक पान सोबत पाठवते आहे. आमचं नेमकं काय चुकतंय?
– एक आई

उत्तर

तुम्ही वहीचं पान पाठवलंत हे फार बरं केलंत. नुसतं ‘भागाकार येत नाही’ एवढंच लिहिलं असतं, तर मलाही मोघमच लिहावं लागलं असतं. पानावर पाच उदाहरणं आहेत आणि तुमचा मुलगा कुठे अडतो ते त्या पाचांत स्पष्ट दिसतं. तो गणितात कच्चा नाही. पाचही उदाहरणांत त्याचा पाढा एकदाही चुकलेला नाही, वजाबाकीही चुकलेली नाही. हे आज त्याला पान समोर ठेवून दाखवा. ‘मला गणितच येत नाही’ या वाक्यावर ‘असं बोलू नये’ म्हणून काही होत नाही. त्याला काय येतं ते त्याच्याच अक्षरात दिसलं पाहिजे.

रोजचे वीस भागाकार उद्यापासून थांबवा. बाबांचा हेतू चांगला आहे, मुलासाठी ते रोज वेळ काढतात याचं मोल मोठं आहे. पण चूक कुठे होते ते न शोधता सराव वाढवला, तर सराव चुकीचाच होतो. वीस वेळा तीच चूक केली की ती करण्याची सवय पक्की होते. सरावाचं पुढे सांगते. आधी पान वाचू.

पहिलं उदाहरण ८४ ÷ ४ बरोबर आहे, उत्तर २१. दुसरं ६१८ ÷ ६. त्यानं लिहिलं आहे १३. खरं उत्तर १०३. तिसरं ४२३ ÷ ६. त्यानं लिहिलं ७, बाकी ३. खरं उत्तर ७०, बाकी ३. दिसायला या दोन चुका वेगळ्या, पण दोन्हींत शून्यच हरवलेलं आहे.

६१८ सोडवताना त्याच्या मनात काय झालं असेल पाहा. सहा एके सहा, एक लिहिला. मग १ खाली उतरवला. एकाला सहाने भाग जात नाही, म्हणून ८ही उतरवला. सहा त्रिक अठरा, तीन लिहिले. झालं, १३. प्रत्येक पायरी त्यानं शिकवल्याप्रमाणे केली. गोंधळ ‘एकाला सहाने भाग जात नाही’ या वाक्यात आहे, आणि ते वाक्य आपण मोठी माणसं सर्रास वापरतो. तो १ म्हणजे एक नाहीच, तो एक दशक आहे. पहिला ६ म्हणजे सहाशे. मुलाला सुटे अंक दिसतात, संख्या दिसत नाही. म्हणूनच ८४ ÷ ४ बरोबर येतं: तिथे ८ आणि ४ हे सुटे अंक समजले तरी उत्तर चुकत नाही. बरोबर उत्तर आलं म्हणजे समजलं, असं धरून चालू नका.

यावर उपाय वहीत नाही, हातात आहे. काड्या घ्या, आगपेटीच्या किंवा कसल्याही. शंभराचे सहा गठ्ठे प्रत्यक्ष बांधायला जमत नसेल तर कागदाचे तुकडे घ्या: मोठ्या चौकोनावर १००, मध्यमवर १०, छोट्यावर १. समोर सहा जागा आखा. सहा शतकं, एक दशक आणि आठ एकक त्याच्या हातात द्या आणि म्हणा, सहा जणांना सारखे वाट. तो एकेक शतक सहा जागी ठेवेल. आता हातात एक दशक आहे आणि माणसं सहा. तो थांबेल. या थांबण्यात घाई करू नका, भागाकाराचं सगळं मर्म इथेच आहे. दशक कुणालाच देता येत नाही, म्हणजे दशकाच्या घरात प्रत्येकाला काय मिळालं? काहीच नाही. तेच शून्य. मग ते दशक मोडायचं, त्याचे दहा सुटे करायचे, आधीचे आठ मिळून अठरा झाले, प्रत्येकाला तीन. आता प्रत्येक जागेवर एक शतक आणि तीन सुटे पडलेले आहेत. ‘किती मिळाले?’ विचारलं तर तो तेरा म्हणणार नाही. एकशे तीनच म्हणेल.

हे झाल्यावर तेच उदाहरण शेजारी कागदावर मांडायला सांगा, आणि तो जे हाताने करतो त्याचीच नोंद ओळीने करायला लावा. ‘खाली उतरवा’ म्हणजे काय ते तेव्हा कळतं: दशक मोडून सुटे केले आणि आधीच्या सुट्यांत मिसळले. ही जोडणी पुष्कळदा राहून जाते. काड्यांचा खेळ एका दिवशी होतो, मांडणी दुसऱ्या दिवशी शिकवली जाते, आणि दोन्ही एकच आहेत हे मुलाला कुणी सांगत नाही.

मांडणीबद्दल एक गोष्ट. तुम्ही शिकलात तेव्हा बहुधा भाज्याच्या उजवीकडे कंस काढून तिथे उत्तर लिहायचं. तुमचा मुलगाही तसंच लिहितो, पानावर दिसतं. ती पद्धत चुकीची नाही, पण तिच्यात उत्तरातला अंक कोणत्या घरातला ते दिसत नाही. म्हणून शून्य सहज निसटतं. काही दिवस उत्तर भाज्याच्या डोक्यावर लिहू द्या, वर श, द, ए अशी घरं आखून. शतकाचं उत्तर शतकाच्या घरात, दशकाचं दशकाच्या घरात. घर रिकामं दिसलं की त्याचं त्यालाच खटकेल.

आणि पेन्सिल टेकवण्याआधी अंदाज. ‘सहाशेचे सहा भाग केले तर प्रत्येकाला किती? म्हणजे उत्तर शंभराच्या आसपास येणार की दहाच्या?’ एवढाच प्रश्न, रोज, प्रत्येक उदाहरणाआधी. अंदाज मनात असेल तर १३ लिहिताना हात अडखळतो. माझ्या मते प्राथमिक गणितात सर्वांत कमी शिकवली जाणारी आणि सर्वांत उपयोगी पडणारी सवय हीच आहे.

मुलांना आणखी एक गोष्ट विचित्र वाटते, पण ती क्वचितच बोलून दाखवतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं एककाकडून, म्हणजे उजवीकडून सुरू होतं. भागाकार मात्र डावीकडून. का? पुष्कळांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. वाटप मोठ्या गठ्ठ्यांपासून केलं की उरलेले गठ्ठे मोडून पुढच्या घरात टाकता येतात. उलटं करून पाहा. ७५ चे चार भाग करताना आधी ५ सुटे वाटले: एकेक मिळाला, एक उरला. मग ७ दशकं वाटली: प्रत्येकाला एक, तीन उरली. ती मोडली तर तीस सुटे झाले, आधीचा एक मिळून एकतीस, म्हणजे सुटे पुन्हा वाटायला बसा. उत्तर येतं, पण दुप्पट काम होतं. हे त्याला एकदा करू द्या. ज्या मुलाला ‘का’ विचारायची सवय आहे (आणि तुमच्या मुलाला ती आहेच), त्याला नियम सांगण्यापेक्षा असा अनुभव जास्त पटतो.

७५ ÷ ४ हेच पानावरचं चौथं उदाहरण आहे. त्याचं उत्तर १७, बाकी ७. खरं उत्तर १८, बाकी ३. इथे घडलं असं: ३५ आल्यावर त्याला चार सत्ते अठ्ठावीस आधी आठवलं, ३५ मधून २८ गेले, ७ उरले, आणि तो थांबला. गणित पूर्ण व्हायच्या आधी थांबला, एवढंच. ‘बाकी भाजकापेक्षा लहान हवी’ हा नियम त्यानं पाठ केलेला असेलही. नियमाऐवजी प्रश्न विचारा: ‘सात उरलेत, माणसं चार आहेत. अजून एकेक देता येईल का?’ उत्तर तोच देईल, आणि बाकी भाजकापेक्षा लहान का असते ते वेगळं सांगावं लागणार नाही.

अचूक पाढा पहिल्याच फटक्यात सापडला पाहिजे, या धास्तीनं पुष्कळ मुलं भागाकाराला घाबरतात. त्यावर एक मोकळी वाट आहे. ७५ मधून चारचे दहा गट काढ, ४० गेले, ३५ राहिले. आणखी पाच गट काढ, २० गेले, १५ राहिले. तीन गट, १२ गेले, ३ राहिले. एकूण गट दहा, पाच आणि तीन, म्हणजे अठरा. ओळी जास्त लागतात, पण एकही पायरी अंधारात नाही. तो दहा गट काढो, दोन-दोन काढो, वाटेल तसे काढो, उत्तर चुकत नाही. काही दिवसांनी तो स्वतःच मोठमोठे गट काढायला लागतो, कारण लांब वाटेचा त्यालाही कंटाळा येतो. तसं करता करता तो आपल्या नेहमीच्या पद्धतीवर येऊन पोहोचतो. शाळेत ठरलेलीच मांडणी हवी असेल तर वर्गशिक्षकांशी बोला आणि ही पद्धत कच्च्या वहीत ठेवा. ती बंद मात्र करू नका.

आता पाचवं, शाब्दिक उदाहरण. ५० मुलांना न्यायचं आहे, एका गाडीत ८ मुलं बसतात, तर किती गाड्या लागतील? त्यानं लिहिलं आहे ‘६, बाकी २’. आकडेमोड अगदी बरोबर. पण ती दोन मुलं मागेच राहिली की! गाड्या ७ लागतील. आता तीच संख्या दुसऱ्या प्रश्नात घाला. ५० सेंटीमीटर फितीचे ८-८ सेंटीमीटरचे तुकडे कापायचे, पूर्ण तुकडे किती? इथे ६च. उरलेल्या २ सेंटीमीटरचा तुकडा कामाचा नाही. आणि ५० मीटर दोरीचे आठ सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग सव्वासहा मीटरचा, काहीच उरत नाही. भागाकार एकच, उत्तरं तीन. बाकीचं काय करायचं ते प्रश्न ठरवतो. म्हणून प्रत्येक शाब्दिक उदाहरणाचं उत्तर पूर्ण वाक्यात लिहायला सांगा: ‘सात गाड्या लागतील.’ वाक्य लिहिताना मूल प्रश्नाकडे पुन्हा वळून पाहतं.

याच उदाहरणात आणखी खोल एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तिच्यासाठी दोन-तीन दिवस खुशाल द्यावेत. भागाकार दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. २४ मणी ६ जणांत वाटले तर प्रत्येकाला किती? आणि २४ मण्यांतून ६-६ मण्यांच्या माळा केल्या तर माळा किती? दोन्हींचं उत्तर ४. पण पहिल्यात ४ मणी आहेत आणि दुसऱ्यात ४ माळा. मणी हातात घेऊन केलं तर कृतीही वेगळी दिसते: पहिल्यात सहा जागी एकेक टाकत जायचं, दुसऱ्यात सहा-सहा उचलून बाजूला ठेवायचे. ज्या मुलानं भागाकार म्हणजे फक्त ‘वाटणं’ एवढंच ऐकलं आहे, ते गाड्यांच्या उदाहरणात गोंधळतं, कारण तिथे ठरावीक जणांत काही वाटायचं नाही, तिथे गट करायचे आहेत. तुमच्या मुलाला सांगा, २४ ÷ ६ साठी दोन गोष्टी तयार कर: एकीत सहा जण असतील, दुसरीत सहा-सहाचे गट असतील. उत्तर विचारूच नका, फक्त गोष्टी ऐका. दोन्ही गोष्टी त्याला स्वतःच्या स्वतः सुचल्या, तर भागाकार त्याला कळला असं समजा. हे वीस उदाहरणांतूनही कळणार नाही.

पाढ्यांबद्दल थोडंसं. त्याचे पाढे पक्के आहेत, पण एकाच दिशेनं. ‘आठ सत्ते?’ विचारलं तर छप्पन्न लगेच येतं. ‘छप्पन्नमध्ये आठ किती वेळा?’ विचारलं तर बहुधा तो आठ एके आठपासून सुरुवात करत असेल. भागाकाराला दुसरी दिशा लागते. ७, ८, ५६ हे तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहा आणि त्यातून निघणारी चारही विधानं त्याच्याकडून घ्या: दोन गुणाकाराची, दोन भागाकाराची. एक आकडा बोटानं झाकायचा आणि ओळखायचा. पाच मिनिटं पुरेत.

आता शून्याचा प्रश्न. ‘तसा नियम आहे’ या उत्तरावर त्याचं समाधान झालं नसेल, आणि होऊही नये. नियमामागे कारण आहे आणि ते चौथीच्या मुलाला कळण्यासारखं आहे. १२ ÷ ३ = ४, कारण ४ × ३ = १२. मग १२ ÷ ० म्हणजे काय? अशी संख्या शोध की जिला शून्याने गुणलं तर १२ येतील. त्याला शोधू द्या. शून्याने काहीही गुणलं तरी शून्यच येतं, म्हणजे अशी संख्या नाहीच. दुसऱ्या बाजूनंही बघता येतं: १२ मधून ०-० चे गट काढत बसलं, तर किती गट काढल्यावर १२ संपतील? कधीच नाही. म्हणून या प्रश्नाला उत्तर नाही, आणि म्हणून तसा भागाकार करत नाहीत. ० ÷ १२ मात्र वेगळं, तिथे उत्तर आहे, आणि ते शून्य: वाटायला काही नाही, तेव्हा बारा जणांपैकी कुणालाच काही मिळत नाही. आणि ० ÷ ०? तिथे उलटीच अडचण, कोणतीही संख्या चालते. ५ × ० = ०, ९ × ० = ०. कोणतं एक उत्तर घ्यायचं? म्हणून तेही करत नाहीत.

त्याला हेही सांगा की या प्रश्नानं मोठमोठ्या गणितींना विचार करायला लावलं आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्यासह बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करायचे याचे नियम लिहिले, आणि शून्याला शून्याने भागलं तर शून्य येतं असंही लिहिलं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी एखाद्या संख्येला शून्याने भागल्यावर येणारी राशी अनंत मानली. आजचं गणित दोन्ही उत्तरं स्वीकारत नाही, शून्याने भागाकाराची व्याख्याच करत नाही. तुमच्या चौथीतल्या मुलाला स्वतःहून हा प्रश्न पडला आहे. ज्याला हा प्रश्न पडतो, त्याला गणित येत नाही असं कसं म्हणायचं?

मग रोज करायचं काय? तीन उदाहरणं, वीस नाही. प्रत्येकाला आधी अंदाज, मग सोडवणं, मग ताळा. ताळा म्हणजे भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी: ४ × १८ = ७२, आणि ३ मिळवले की ७५. भाज्य परत मिळालं तर उत्तर बरोबर. ६ × ७ = ४२ आणि ३ मिळून ४५, पण भाज्य तर ४२३ आहे, म्हणजे कुठेतरी काही हरवलं. हे त्यानं स्वतः पकडायचं आहे. बाबांनी बरोबर-चूक करायचं नाही, लाल पेन बाजूला ठेवायचं. आपलं उत्तर बरोबर आहे हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही, हे कळलं की मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. बाकी शून्य न आल्यास ताळ्यात बाकी मिळवायला तो विसरेल, सुरुवातीला तेवढी आठवण करून द्या. दोन अंकी भाजकाची घाई नको. एक अंकी भाजकात शून्य हरवायचं थांबलं की मगच तिकडे वळा.

तुमच्याबद्दलही लिहिते, कारण तुम्ही लांब राहता असं लिहिलं आहे. लांब राहू नका. तुम्हाला भागाकार उत्तम यायलाच हवा असं नाही. उलट त्याच्या शेजारी बसून ‘हे दशक मोडलंस ते का, मला सांग ना’ असं विचारलंत, तर समजावून सांगताना त्याचंच त्याला कळेल, आणि तुमचीही जुनी भीती कमी होईल. फक्त ‘मलाही कधी जमलं नाही’ हे वाक्य त्याच्यासमोर नको. मुलं ते आपल्यालाही लागू करून घेतात.

काही मुलांना संख्या लहान-मोठी ओळखणंच जड जातं, साध्या बेरजेलाही दर वेळी बोटं मोजावी लागतात, आणि अनेक महिने शांतपणे शिकवूनही त्यात फरक पडत नाही. अशा वेळी विशेष शिक्षकांकडून तपासणी करून घ्यावी, अशा मुलाला डिसकॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजून घेण्यातली अडचण, असू शकतो. तुमच्या पत्रात आणि पानावर मला तसं काही दिसत नाही. हे इतर वाचकांसाठी लिहिलं.

उद्याची तीन उदाहरणं मीच देते. ३०६ ÷ ३, कागदी तुकडे घेऊन. ९१ ÷ ७, दहा गटांपासून सुरुवात करून. आणि ४५ मुलांना तंबूत झोपायचं आहे, एका तंबूत ६ जण मावतात, तर तंबू किती लागतील? तिसऱ्याला तो ‘७, बाकी ३’ म्हणाला, तर चूक म्हणू नका. ती तीन मुलं कुठे झोपतील, एवढंच विचारा.